उत्तमनं गरम केलेली केबिन

उत्तम गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजची बस धूत होतो. फोन बबनचा, आमच्या पेठेच्या संघाचा जुना गोलकीपर. एरवी तो फोनवरसुद्धा मैदानात ओरडल्यासारखा बोलतो. त्या दिवशी त्याचा आवाज ओळखूच येईना. "संज्या, उत्तम गेला रं… सकाळी आंघोळीला गेलता, बाथरूममधनं भायेर आलाच न्हाई. दार तोडाय लागलं." मी पाण्याची पाइप बंद केली आणि बसच्या पायरीवर बसलो. माणूस गेल्याचं कळलं की डोळ्यांत पाणी येतं, असं लोक सांगतात. मला आधी आला तो राग. आता कोण सांगणार, एवढंच मनात आलं. कतारमध्ये त्या सकाळी नेमकं काय झालं आणि दुसऱ्या दिवशी कंपनीच्या केबिनमध्ये कोण खोटं बोललं, हे पुरतं माहीत असलेली दोनच माणसं जगात आहेत, अशी माझी समजूत होती. त्यातला एक गेला, तोही काही न बोलता. इतकी वर्षं ज्या एका वाक्याची मी वाट बघत होतो, ते वाक्य तो बरोबर घेऊन गेला. मरतानाही त्यानं मला फसवलंच, असं वाटलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण वाटलं ते हेच.

पंचगंगेवर अंत्यविधीला मी गेलो. सगळ्यांच्या मागे उभा राहिलो. पेठेतली माणसं माझ्याकडे बघून बाजूला होत होती. काहींना मी आलोय याचं बरं वाटलं असावं, काहींना आश्चर्य. आठवड्याभरानं बबन घरी आला आणि म्हणाला, "पेपरच्या फुटबॉल पुरवणीत उत्तमवर लिहायचंय. तू पूर्वी मॅचेसचं लिहायचास की. तुझ्याइतका त्याला कोण ओळखतंय?" मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "झालं ते झालं, सोड आता." काय झालं ते त्याला माहीत नव्हतं. पेठेत जे माहीत होतं ते असं, की संजयनं कतारमध्ये निष्काळजीपणानं एकाचा पाय चिरडला आणि ते जिवलग मित्राच्या गळ्यात घालायला बघितलं. माझ्याबद्दलची ही गोष्ट मी विमानातून उतरायच्या आधी कोल्हापुरात पोचली होती.

उत्तम आणि मी एका शाळेत, एका बाकावर, एका संघात. तो लेफ्ट विंगला, मी मागे. त्याच्या पायात चेंडू असला की तो वर बघायचाच नाही, मान खाली घालून पळायचा, आणि तरी पास अचूक द्यायचा. सामना संपला की स्टँडमधली माणसं त्याला खांद्यावर घ्यायची आणि तो तिथूनच मला हाका मारायचा, "संज्या, ये की लेका वर!" जणू खांद्यावर दोघांना जागा होती. आयटीआयला त्यानं ऑटो इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला, मी बीएपर्यंत शिकलो आणि मग ट्रक चालवायला लागलो. कतारला आधी तो गेला. वर्षभरानं त्यानंच माझं काम जमवलं. फोनवर म्हणाला होता, "ये मर्दा. हितं वर्ल्ड कप व्हायचाय. स्टेडियम बांधालेत. आपल्या हातानं बांधायचं आणि आपणच जाऊन बघायचं." एवढं पुरलं मला.

सुरुवातीची दोन वर्षं मी हातात ब्रेकर घेऊन काँक्रीट फोडत होतो. तो सगळा कंप बोटांत उतरायचा. पुढं हेवी लायसन झालं आणि मला पाण्याचा टँकर मिळाला. साइटवरच्या कच्च्या रस्त्यांवर धूळ उडू नये म्हणून दिवसभर पाणी मारत फिरायचं, हे काम. दोहाच्या उत्तरेला एका स्टेडियमभोवती तेव्हा नुसतं वाळवंट आणि डंपर. आम्ही राहायला बरवा अल बराहा या कामगारांच्या वसाहतीत, एका खोलीत. पहाटे कंपनीची बस साइटवर सोडायची. कतार म्हटलं की लोकांना उन्हाळा आठवतो आणि तो आहेच. पण डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून वारा सुटला की उघड्यावर, ओल्या हातानं काम करणाऱ्याला ती थंडी कळते. टँकरचा नळ, ओली होज, लोखंडी व्हॉल्व्ह… माझी बोटं पांढरी पडायची, शेंड्यांपासून पेरांपर्यंत, मेल्यासारखी. डॉक्टर म्हणाला, ब्रेकरनं नसा बिघडल्यात, थंडीत जपा. जपा म्हणजे काय करा? पहाटे केबिनमध्ये बसलो की स्टिअरिंग बर्फासारखं. त्या जुन्या गाडीचा हीटर गरम हवा फेकायला अर्धी फेरी घ्यायचा. बोटांची मूठ वळायची नाही. एकदा उत्तमनं मला दोन्ही तळहातांनी गिअर ढकलताना बघितलं. माझी बोटं हातात घेऊन चोळत बसला, लहान पोराची चोळावीत तशी.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, आम्ही दोहातल्या अल मन्सूराच्या बाजारात जायचो. भाजी, मसाला, कुठल्या तरी हॉटेलात पोटभर जेवण. त्याच वाटेवर उत्तमची एक ओळख झाली होती. पुण्याचे एक साहेब, द पर्ल या श्रीमंत वस्तीत राहणारे. त्यांच्या गाडीचा अलार्म बिघडला की ते उत्तमला बोलवायचे. मीही एकदा बरोबर गेलो. साहेबांनी बाल्कनीतूनच किल्लीचं बटण दाबलं आणि खाली उभी असलेली गाडी आपोआप चालू झाली. "उन्हाळ्यात खाली जाईपर्यंत आतून गार होते," ते म्हणाले. उत्तम गाडीकडे बघत राहिला. परतताना बसमध्ये तो एकदम म्हणाला, "गार हुती तर गरम बी हुईल की." मला कळायला वेळ लागला. काही दिवसांनी त्या साहेबांनी गाडीला नवीन सिस्टिम बसवली आणि जुनी काढलेली उत्तमला देऊन टाकली.

ती त्यानं माझ्या टँकरला बसवली. कंपनीत कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर कोण हो म्हणणार होतं? दुपारच्या सुट्टीत डॅशबोर्ड उघडून तो आत वाकलेला असायचा. मी म्हणालो, "उत्त्या, साध्या गिअरची गाडी हाय. गिअरमधे राहिली आणि चालू झाली तर उडी मारंल." तो आतूनच म्हणाला, "येडा हाय का मी? गिअरच्या दांड्याखाली स्विच बसवलाय. न्यूट्रलला नसंल तर स्टार्टरला करंटच जाणार न्हाई. दाब किती बी." मग त्यानं मला ते करून दाखवलं. गिअरमध्ये टाकून बटण दाबलं, गाडी गप्प. न्यूट्रल करून दाबलं, इंजिन सुरू. रिमोट दोन होते. एक माझ्याकडे, एक त्याच्याकडे. त्याचं वर्कशॉप टँकर लावायच्या जागेजवळच होतं. पहाटे बसमधून उतरलो की मी हजेरीच्या रांगेत असायचो, आणि तो चालता चालता खिशातल्या खिशात बटण दाबायचा. लांब टँकर खोकून जागा व्हायचा. हजेरी देऊन मी पोचेपर्यंत केबिन उबदार, काचेवरचं दव उतरलेलं. आत बसलो की पहिल्यांदा हीटरच्या जाळीवर बोटं धरायचो. रंग परत यायचा. तो सबंध हिवाळा असा गेला. मला आईनं असं जपलं होतं आणि त्यानंतर त्यानं. हे मी आज, सगळं झाल्यावरसुद्धा, नाकारणार नाही.

अपघात झाला तो त्यानंतरचा हिवाळा. वर्ल्ड कप तेव्हा जवळ आला होता. मैदानात हिरवळ आली होती आणि सगळ्यांना घाई सुटलेली. दिवसभर 'यल्ला, यल्ला', चला, उरका. त्या सकाळी मी टँकर भरायला पाण्याच्या पॉइंटवर लावला. तिथं उतार होता आणि गाडीचा हँडब्रेक जुना, म्हणून मी नेहमीसारखी पहिल्या गिअरमध्ये टाकून ठेवली. टाकी भरली. वरच्या झाकणातून पाणी अंगावर उडून मी कोपरापर्यंत भिजलो होतो. शेडखाली चहा होता. तो घ्यायला मी गेलो. माझा हेल्पर राजन्ना, तेलंगणाचा, कामाला वाघ, टँकरच्या पुढं उभा राहून होज गुंडाळत होता. त्याच्यामागं काँक्रीटचे अडथळे मांडलेले. मी दोन्ही हातांत कप धरून ऊब घेत होतो, आणि माझ्या डोळ्यांसमोर टँकर सुरू झाला. झटका देऊन पुढं गेला, आणखी एक झटका, आणि बंद पडला. राजन्नाची किंकाळी… ती अजून कानात आहे. बंपर आणि काँक्रीटच्या मध्ये त्याचा पाय सापडला होता.

मी धावलो. गाडी मागं घेतली. माणसं जमली, ॲम्ब्युलन्स आली. त्या गर्दीत उत्तम माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. चेहरा राखेसारखा. हळूच म्हणाला, "तू भिजल्याला दिसलास, म्हणून मी दाबलं रं… मला वाटलं न्यूट्रलला आसंल." मी म्हणालो, "खरं स्विच?" तो खाली बघत म्हणाला, "स्विच गंजलाता. गाडी चालूच व्हईना. गेल्या आठवड्यात त्यो काढून वायर डायरेक्ट जोडलीया मी. तुला सांगायचं राहिलं."

तुला सांगायचं राहिलं. त्या क्षणी मला त्याचा राग आला नव्हता. असं होतं माणसाच्या हातून. बटण त्यानं माझ्या काळजीनं दाबलं होतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "दोघं मिळून सांगू सायबाला. मुद्दाम कोण करतंय?" त्यानं मान हलवली. त्या दिवशी संध्याकाळी खोलीवर तो जेवला नाही. घरी फोन करायला बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही. त्याच्या बायकोला, शोभावहिनींना, तेव्हा दिवस गेले होते, म्हणून मी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लँट मॅनेजरनं आम्हाला त्याच्या केबिनमध्ये बोलावलं. मॅनेजर केरळचा, हिंदी तोडकी, पण माणूस सरळ. टेबलावर डॅशबोर्डमधून काढलेली रिमोट स्टार्टची पेटी ठेवलेली, वायरी लोंबत असलेली. शेजारी माझा रिमोट. माझ्या जॅकेटच्या खिशातून मीच काढून दिला होता. त्यानं विचारलं, "ये किसने लगाया?" मी उत्तमकडे बघितलं. तो बोलेल म्हणून थांबलो. तो टेबलाकडे बघत होता. शेवटी मीच म्हणालो, "साब, उत्तमने लगाया. मेरे हाथ को ठंड में तकलीफ होती है, इसलिए. दूसरा रिमोट इसके पास है. गलती से दब गया." मॅनेजर उत्तमकडे वळला. "तुम लगाया?"

उत्तमनं मान वर केली. माझ्याकडे नाही, मॅनेजरकडे बघितलं. "नहीं साब. मेरे को नहीं मालूम. बाहर इंडस्ट्रियल एरिया में लगवाया होगा." मग जरा थांबून म्हणाला, "झूठ बोल रहा है ये."

मला आधी ऐकू आलं ते बरोबर आहे का, हेच कळेना. मी मराठीत म्हणालो, "उत्त्या… काय बोलालास तू?" मॅनेजरनं उत्तमचे खिसे, त्याचं कपाट, त्याची हत्यारांची पेटी तपासायला माणूस पाठवला. दुसरा रिमोट कुठंच मिळाला नाही. तो कधी आणि कुठं टाकला, मला आजतागायत माहीत नाही. पण टाकला होता, म्हणजे त्या केबिनमध्ये यायच्या आधीच त्याचं ठरलं होतं. माझ्याशेजारी पायरी चढून तो आत आला तेव्हा ठरलेलं होतं. रिमोट माझ्या खिशात, गाडी माझी, गिअरमध्ये ठेवलेली मीच. मॅनेजरला दुसरं काय दिसणार होतं? तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ॲक्सिडेंट तो ठीक है, होता है. लेकिन दोस्त का नाम क्यों लिया?"

माझं काम गेलं. व्हिसा रद्द झाला, तिकीट निघालं. जायच्या आधी मी हॉस्पिटलात राजन्नाला भेटलो. पायात रॉड घातला होता. मला बघून तो रडला नाही, मी रडलो. तो म्हणाला, "तू काय को रोरा भाई? तेरे दोनो हाथ में चाय का कप था. मैं देखा. तू नै दबाया." माझं खरं होतं हे सांगणारा तो पहिला माणूस, ज्याचा पाय चिरडला तोच. त्यानं पडल्या पडल्या मॅनेजरला फोन लावला. मॅनेजरनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, खलास, पेपर बन गया. राजन्ना पुढं गावी गेला. लंगडतो, किराणा दुकान चालवतो. दसऱ्याला आमचा एकमेकांना फोन असतो.

त्या शेवटच्या दिवसांत उत्तम खोलीवर यायचा, भिंतीकडे तोंड करून झोपायचा. मी एकदा त्याला हलवून विचारलं, "निदान मला तरी सांग, का?" त्यानं चादर तोंडावर घेतली. ज्या सकाळी मी एअरपोर्टला निघालो, तेव्हा तो कामावर गेला होता. माझी बॅग मात्र कुणीतरी दोरीनं नीट बांधून दाराशी ठेवली होती. मी ती दोरी सोडून टाकली आणि बॅग तशीच उघड्या चेनची नेली.

कोल्हापुरात काय वाट्याला आलं ते फार सांगत नाही. आई म्हणाली, तू असं करणार नाहीस. बायको म्हणाली, मला सांगायची गरज नाही. पण पेठ म्हणजे दोन माणसं नव्हेत. संघाच्या मीटिंगला गेलो तर बोलणं थांबायचं. कुणी तोंडावर काही म्हणालं नाही, आणि तेच जास्त लागलं. मी मैदानावर जायचं सोडलं, पुरवणीतलं लिहिणं सोडलं. वर्ल्ड कप आला तेव्हा चौकात मोठा पडदा लावला होता, मिरवणुका, झेंडे, फटाके… कोल्हापूर कसं होतं त्या दिवसांत, सांगायला नको. मी घरात टीव्ही बंद करून बसलो. उत्तमनं स्टेडियममधून काढलेला स्वतःचा फोटो संघाच्या ग्रुपवर आला. मागं ते गवत. ज्याच्या चारी बाजूंची धूळ मी दोन वर्षं पाणी मारून बसवली, त्या मैदानात तो बसला होता. सगळ्यांनी खाली अंगठे आणि हार्ट टाकले. मी ग्रुप सोडला.

वर्ल्ड कपनंतर तो परत आला. गावाबाहेर हायवेला गाड्यांच्या वायरिंगचं गॅरेज टाकलं. चांगलं चालतंय असं कानावर यायचं. त्या रस्त्यानं मी जायचो नाही. बसचा रूट तिकडून निघाला तेव्हा दुसऱ्या ड्रायव्हरशी बदलून घेतला. समोरासमोर आम्ही एकदाच आलो, एका लग्नात, हात धुवायच्या जागी. हिवाळ्याचे दिवस होते. तो मागून आला आणि म्हणाला, "संज्या… बोटं आजून पांढरी पडत्यात का रं?" इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडून आलेलं पहिलं वाक्य हे. मी वळलो. त्याचे डोळे भरले होते. मी थांबलो, खरंच थांबलो. म्हटलं, आता बोलेल. निदान एवढं म्हणेल, की मी खोटं बोललो. पाणी हातावरून वाहून गेलं तरी मी नळाशी उभा. तो नुसता माझ्या बोटांकडे बघत राहिला. मग कुणीतरी त्याला हाक मारली आणि तो गेला. ती आमची शेवटची भेट.

बबन पुन्हा विचारायला आला तेव्हा मी ठरवलं की लिहीन तर खरं लिहीन, आणि खरं लिहायचं तर आधी शोभावहिनींना सांगावं लागेल. त्यांना अंधारात ठेवून नवऱ्याबद्दल असं छापणं बरं नव्हे. दुपारी गेलो. वहिनींनी चहा ठेवला. राधा, त्यांची मुलगी, दारात बसून पाटीवर चित्र काढत होती. मी कसंबसं सुरू केलं. "वहिनी, मला लिहायला सांगितलंय. पण मी लिहिलं तर तिकडचं लिहावं लागेल. तुम्हाला माहीत नसलेलं…"

त्यांनी मला मध्येच थांबवलं. "मला माहीत हाय भावजी. सगळं माहीत हाय."

मी कप खाली ठेवला.

"त्या दिवशी संध्याकाळीच त्यांचा फोन आलता. पोरागत रडत हुते. माझ्या हातनं झालंय म्हणत हुते. उद्या सायबाला सांगतो, संज्या बी बरूबर हाय, म्हणाले." वहिनी पदराशी चाळा करत थांबल्या. "मीच म्हटलं, गप्प बसा. ही पोटात हुती. तिकडं जेलात घातलं तर मी कुणाकडं बघू? मी म्हटलं, भावजींनी गाडी गिअरात ठेवलीती, त्यांचं ते बघतील. तुम्ही तोंड उघडू नगा."

चहा माझ्यासमोर निवत होता. या बाईनं त्यानंतर दर दिवाळीला माझ्या बायकोला हाक मारून फराळाचं ताट दिलं होतं. रस्त्यात दिसली की थांबून आईची चौकशी करायची. पेठेत माझ्याबद्दल काय बोललं जातं ते तिच्या कानावर रोज येत असणार. आणि तिला माहीत होतं. मी म्हणालो, "गप्प बसला असता तर चाललं असतं वहिनी. तो मला खोटारडा म्हणाला. साहेबासमोर."

त्या एकदम ताठ झाल्या. "गप्प बसा म्हटलंतं मी. खोटं बोला म्हटलं न्हवतं." मग त्यांचा आवाज उतरला. "ते परत आल्यावर कळलं मला, काय बोलले ते. तवर गावात सगळीकडं झालंतं. मग कुठल्या तोंडानं सांगणार? मी म्हणायची, जावा, पाय धरा त्यांचं. ते म्हणायचे, जाणार हाय. दर वेळी जाणार हाय म्हणायचे…"

राग कुणावर काढायचा? समोरच्या बाईवर काढावा तर ती पांढऱ्या कपाळानं बसलेली. तिनं मला फसवलं होतं, यात शंका नाही. पण तिनं ते मला सांगितलंही, न विचारता, आणि नवऱ्याच्या फोटोखाली बसून. तो फोटोतला माणूस एवढंही करू शकला नाही. मी विचारलं, "मग लिहू?" वहिनी राधाकडे बघत म्हणाल्या, "लिहा. हिनं कुणाकडनं तरी ऐकण्यापरीस तुमचं वाचलेलं बरं. खरं… त्यांनी तुमची बोटं गरम ऱ्हावीत म्हणून ते केलंतं, तेवढं बी लिहा." मी हो म्हणालो. ते वर लिहिलं आहे.

निघताना त्यांनी गॅरेजची किल्ली दिली. गॅरेज विकायला काढलंय, बघायला माणसं येतील, त्याआधी हत्यारं नि सामान एकदा बघून ठेवा म्हणाल्या, मला त्यातलं काही कळत नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी हायवेच्या त्या वाटेला गेलो. दुपारचं ऊन होतं. शटर वर केलं. आत सगळं जागच्या जागी. वायरींची भेंडोळी रंगाप्रमाणे टांगलेली, मीटर कापडात गुंडाळून ठेवलेला, अर्धवट सोडलेली एका जीपची हेडलाइट. आणि समोरच्या भिंतीवर, आत येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यांदा दिसेल अशी, पेंटरकडून रंगवून घेतलेली पाटी: 'रिमोट स्टार्ट बसवून मिळणार नाही. आग्रह करू नये.'

शेजारचा चहावाला शटरचा आवाज ऐकून आला होता. मी पाटीकडे बघतोय हे त्याला दिसलं असावं. "लई गिऱ्हाईकं परत गेली बघा त्या पाटीपायी," तो म्हणाला. "नव्या गाड्यांवाले यायचे, जादा पैसे देतो म्हणायचे. उत्तमदादा ऐकायचे न्हाईत. लोक विचारायचे की, का बसवत न्हाईस? तर म्हणायचे, 'माझ्या हातनं एकदा चूक झालीया. एकाचा पाय मोडला आन् माझ्या दोस्ताचं नाव मी खराब केलं.' सगळ्यांना सांगायचे. लपवाछपवी न्हाई माणसाची."

सगळ्यांना. पुण्याच्या गाडीवाल्याला, बेळगावच्या गाडीवाल्याला, पेट्रोल भरायला थांबलेल्या कुणालाही. मी इथून दोन मैलांवर राहत होतो.

"तुम्ही कोण त्यांचे?" चहावाल्यानं विचारलं. "त्यांच्या पेठेतला," मी म्हणालो, आणि शटर खाली ओढलं.